'सॉलिडॅरिटी' : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उपयोग



सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका वाक्यापाशी माझी तांबडी पेन्सिल थांबली. 'आमच्या गावाची एकजूट मोठी आहे' ह्या वाक्याचे इंग्रजी करावयाचे होते, आणि एका विद्यार्थ्याने 'एकजूट' ह्या शब्दासाठी 'सॉलिडिटी' हा शब्द योजिला होता. खरा शब्द 'सॉलिडॅरिटी' होय. 'सॉलिडिटी' म्हणजे भरीवपणा, घट्टपणा. तो गुण दगडाचा, विटेचा किंवा लाकडाच्या ओंडक्याचा. अर्थात् त्याच्या वाक्याप्रमाणे आमचे गाव म्हणजे एक मोठा धोंडा ठरत होते! वर्गात ही चूक सांगितली तेव्हा मुले हसली. परंतु तो विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, चूक कळली. पण सगळे मिळून भरीव होणे म्हणजेच एकजूट नव्हे काय?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर घंटा होण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत देता येण्याजोगे नव्हते. ते सावकाश द्यावे म्हणून हा लेख. पालकांनीही तो वाचावा अशी विनंती आहे. कारण ह्या शब्दाचा अर्थ जितका कोशात सापडतो त्याहून अधिक घरात आणि शिवारात सापडतो.

१. शब्दाचे रूप व उच्चार

ह्या शब्दात एकंदर दहा अक्षरे आहेत : एस्, ओ, एल्, आय्, डी, ए, आर्, आय्, टी, वाय्. पहिली पाच अक्षरे मिळून 'सॉलिड' हा आपल्या ओळखीचा शब्द होतो, हे ध्यानात ठेविले म्हणजे अर्धे स्पेलिंग पाठ झालेच. उच्चार करताना जोर तिसऱ्या अवयवावर, म्हणजे 'डॅ' वर द्यावा : सॉ-लि-डॅ-रि-टी. पुष्कळ विद्यार्थी पहिल्याच अवयवावर जोर देतात आणि मग पुढील अवयव गिळून टाकतात; 'सॉलिडिटी' ही चूक बहुधा अशीच जन्मास येते.

२. व्युत्पत्ति

लॅटिन भाषेत 'सॉलिडस' असा शब्द आहे. त्याचा अर्थ अखंड, भरीव, पुरा. रोमन साम्राज्यात चौथ्या शतकापासून ह्याच नावाचे सोन्याचे नाणे चालत असे. त्या नाण्यात ज्याला वेतन मिळे तो 'सोल्जर', म्हणजे शिपाई. फुटक्या भांड्याला कारागीर डाख देऊन जोडतो, त्या क्रियेस इंग्रजीत जो शब्द आहे तोही ह्याच कुळातला. तेव्हा भरीव वस्तू, सोन्याचे नाणे, शिपाई आणि डाख ही चार भावंडे एका घरची आहेत.

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते लॅटिनमधील 'सॉलिडस', ग्रीकमधील 'होलोस' आणि आपल्या संस्कृतातील 'सर्व' हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. त्या धातूचा अर्थ 'अखंड, सगळे' असा. म्हणजे आपण रोज शंभर वेळा 'सर्व' म्हणतो, तेव्हा त्या परक्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दाच्या चुलत भावालाच हाक मारीत असतो. माझ्या विद्यार्थ्याने 'भरीव' आणि 'एकजूट' ह्यांचे नाते ओळखले, ते अगदीच अंधारात चाचपून नव्हे.

३. मूळ अर्थ : कर्जाचा

परंतु 'भरीव' ह्या अर्थापासून 'एकजूट' ह्या अर्थापर्यंत हा शब्द सरळ आला नाही. मध्ये तो न्यायकचेरीतून गेला. रोमन कायद्यात काही देणी अशी असत की, अनेक माणसांनी मिळून घेतलेल्या कर्जाला प्रत्येक जण पुरा बांधलेला असे. आपल्या वाट्यापुरता नव्हे, सगळ्या रकमेला. ह्या प्रकारास 'अखंड रकमेसाठी' अशा अर्थाचे लॅटिन नाव होते. त्यापासून फ्रेंच कायदेपंडितांनी 'सॉलिडारिते' हा शब्द घडविला, आणि १८०४ च्या फ्रान्सच्या दिवाणी संहितेत तो ह्याच अर्थाने आला आहे. इंग्रजीने तो फ्रेंचमधून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास उचलला.

हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यातही आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याचे ४३ वे कलम पाहा. दोघांनी किंवा अधिकांनी मिळून एक वचन दिले आणि उलट काही ठरलेले नसले, तर ज्याला वचन दिले तो त्यांपैकी कोणाही एकाकडून सगळे वचन पुरे करवून घेऊ शकतो. एक उदाहरण घेऊ. तिघा भावांनी मिळून नऊशे रुपये कर्ज काढले. सावकार एकट्या थोरल्याकडेच नऊशे रुपये मागू शकतो. थोरल्याने ते भरले, तर तो धाकट्या दोघांकडून तीनशे-तीनशे रुपये मागू शकतो. आता सर्वांत धाकट्याचे दिवाळे वाजले असेल तर? त्याचा तोटा उरलेल्या दोघांनी सारखा सोसावयाचा. म्हणजे प्रत्येकी साडेचारशे. एक पडला की त्याचा भार दुसऱ्यांच्या खांद्यावर आपोआप येतो. हाच ह्या शब्दाचा गाभा होय.

ह्या तत्त्वावर गरिबांना पत मिळवून देण्याचा मार्ग जर्मनीत राइफायझेन (१८१८-१८८८) ह्या गृहस्थाने दाखविला. ज्या एकट्या शेतकऱ्याला कोणी उसने देत नाही, तसे अनेक शेतकरी एकमेकांना पुरे जामीन राहिले तर त्यांस कर्ज मिळते. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. त्यातील ग्रामीण पतपेढ्यांच्या सभासदांची जबाबदारी साधारणपणे ह्याच धर्तीवर अमर्यादित ठेविली होती. शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर आपले घर धोक्यात येते, हे ठाऊक असूनही सही करावयाची. तेव्हा सही करणारा शेजाऱ्याचा स्वभाव, त्याची शेती, त्याची व्यसने ह्यांची चौकशी करणारच. आणि शेजाऱ्याचे बरे चालावे म्हणून झटणारही.

४. अर्थविस्तार

पुढे फ्रान्समधील विचारवंतांनी हा कर्जखात्यातील शब्द समाजाला लावला. त्यांचे म्हणणे असे की, मनुष्य जन्मतःच दुसऱ्यांचा ऋणी असतो. भाषा, रस्ते, बी-बियाणे, औषधे, शाळा ह्यांतील काहीच त्याने एकट्याने केलेले नाही. तेव्हा सर्वांच्या बऱ्यावाइटाला प्रत्येक जण बांधलेला आहे.

१८९३ साली एमिल दुरखेम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने श्रमविभागावरील आपल्या ग्रंथात ह्या एकजुटीचे दोन प्रकार सांगितले. पहिली सारखेपणाची : सर्वांचे काम एक, चालीरीती एक, म्हणून सर्व एक. दुसरी वेगळेपणाची : शरीराचे अवयव निरनिराळे असतात, म्हणूनच त्यांना एकमेकांवाचून चालत नाही, तद्वत् मोठ्या समाजात धंदे निरनिराळे असल्यामुळेच माणसे एकमेकांस बांधली जातात.

पाटणच्या विद्यार्थ्यांस हा भेद समजण्यासाठी दूर जावयास नको. आपल्या गावाजवळ केरा नदी कोयनेला मिळते. पुढे कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. संगमाखाली कोणते पाणी केरेचे आणि कोणते कोयनेचे, हे कोणालाही सांगता येणार नाही. माणसांची एकजूट अशी नसते. ती बैलजोडीसारखी असते. दोन बैल दोनच राहतात. एकाचा रंग तांबडा, दुसऱ्याचा पांढरा. पण जू एक असते, आणि एक बसला की दुसऱ्याला पुढे जाता येत नाही. 'जूट' म्हणताना हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

५. शेजारचे शब्द

विद्यार्थी पुढील शब्दांची गल्लत करितात. त्यांचे भेद नीट ध्यानात घ्यावेत.

'युनिटी' म्हणजे ऐक्य. एक असणे ही स्थिती. घरात भांडण नाही, तर युनिटी आहे.

'कोऑपरेशन' म्हणजे सहकार. लॅटिनमध्येही 'सह' आणि 'काम' असेच त्याचे दोन भाग पडतात. मिळून काम केले, काम संपले, आपापल्या घरी गेले, तरी सहकार झालाच.

'फ्रॅटर्निटी' म्हणजे बंधुता. त्यातील लॅटिन शब्द आपल्या 'भ्रातृ' शब्दाचा सख्खा आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या आपल्या राज्यघटनेच्या उद्देशपत्रिकेत हाच शब्द आहे.

'सिंपथी' म्हणजे सहानुभूती. तीत हृदय हलते, पण पाय हलतीलच असे नाही.

'सॉलिडॅरिटी' मध्ये ह्या सर्वांचा थोडाथोडा अंश आहे, आणि एक गोष्ट अधिक आहे : दुसऱ्याच्या नुकसानीत आपला वाटा आपण होऊन उचलणे. जेथे आपले काहीच पणाला लागलेले नाही, तेथे हा शब्द वापरू नये. मराठीत 'एकजूट' हा त्याचा जवळचा शब्द. प्रसंगानुसार 'एकदिली', 'एकोपा', 'बांधिलकी' हेही चालतील.

६. आपल्या मुलखातील उदाहरणे

शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. आपल्या वाडीवस्तीवरील वडील माणसांस 'सावड' आणि 'इर्जिक' ह्यांविषयी विचारा. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी सावड करी; दोघांचे मिळून औत होई आणि दोघांचीही शेते होत. आणि कोणाचे शेत आजारपणामुळे किंवा मनुष्यबळ नसल्यामुळे मागे पडले, तर ठरल्या दिवशी गावचे नांगर त्याच्या शेतावर जमत. ही इर्जिक. मजुरी कोणी घेत नसे. शेतधन्याने जेवण घालावे एवढेच. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण अशाच अनुभवातून निघाली असली पाहिजे. ट्रॅक्टर आल्यापासून ही चाल पुष्कळ कमी झाली आहे.

परंतु गतकाळाचे गुणगान करताना डोळे मिटून चालणार नाही. ज्या गावात इर्जिक होती, त्याच गावात काही माणसांची घरे वेशीबाहेर होती आणि पाणवठा वेगळा होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव दाखल झाले. सातारच्या त्या दिवसांविषयी त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. वर्गात त्यांस इतरांत बसण्याची मुभा नव्हती. कोपऱ्यात गोणपाटाच्या वेगळ्या तुकड्यावर बसावे लागे, आणि तो तुकडा शाळेच्या झाडलोटीच्या नोकरासही शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच मिळे; शिपाई नाही तर पाणी नाही. एक वर्ग, एक फळा, एक शिक्षक. 'युनिटी' म्हणावी तर होती. परंतु त्या मुलाची तहान इतरांची तहान झाली नाही. म्हणून तेथे हा दहा अक्षरांचा शब्द लिहिता येत नाही.

ह्याच जिल्ह्यात त्याचे उलट उदाहरणही घडले. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढिले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. सर्वांचे देणे एकीने पुरे आपल्या अंगावर घेतले. रोमन कायदेपंडितांस ह्याहून चांगले उदाहरण सापडले नसते.

तिसरे उदाहरण आपल्या तालुक्याचे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली आणि हजारो घरे पडली. त्याच वेळी कोयनेचे वीजकेंद्र बंद पडल्यामुळे दूर मुंबईतील कारखाने थंडावले. पाटण तालुक्यात जमीन हलली आणि मुंबईच्या यंत्रांची चाके थांबली! दुरखेमने ग्रंथात लिहिलेली गोष्ट त्या पहाटे सर्वांच्या अनुभवास आली. आपण एकमेकांस तारांनी बांधलेले आहो, हे त्या दिवशी मुंबईस कळले.

मात्र बांधलेले असणे आणि बांधिलकी मानणे ह्यांत अंतर आहे. कोयनेच्या चार टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ज्या खोऱ्यातील घरे, देवळे आणि भातखाचरे शिवसागर जलाशयाखाली गेली, तेथील अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. आपल्या वर्गांतही त्या कुटुंबांची नातवंडे असतील. दिवा लावणारा प्रत्येक जण त्या देण्याला किती बांधलेला? आपल्या वाट्यापुरता, की पुरा? ह्या शब्दाचा मूळ अर्थ जो शिकला, त्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

७. जगाने हा शब्द कोठे ऐकिला

मुंबईच्या गिरणीकामगारांस आठवड्याची सुटी १८९० साली मिळाली. तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कामगारांना एकत्र आणून चळवळ केली होती. परंतु हा शब्दच घेऊन उभी राहिलेली सर्वांत प्रसिद्ध संघटना पोलंड देशातील होय. पोलंड फार दूरचे वाटते. पण १९४३ ते १९४८ ह्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे लक्षात असू द्यावे.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क शहरातील जहाजांच्या कारखान्यात आना व्हॅलेंटिनोविच ह्या यारी चालविणाऱ्या बाईंना निवृत्तीस थोडेच महिने उरले असता कामावरून काढण्यात आले. १४ तारखेस संप सुरू झाला. दोनच दिवसांत कारखान्याने मागण्या मान्य केल्या; पगार वाढला; कामगार घरी निघाले. त्या वेळी इतर लहान कारखान्यांतील आणि ट्रॅममधील संपकरी म्हणू लागले, तुम्ही गेलात तर आमची धडगत नाही. तेव्हा काही स्त्रियांनी आणि लेख वॉवेन्सा ह्यांनी निघालेल्यांस दारातून परत फिरविले. स्वतःचे पदरात पडले होते. संप पुढे चालला तो दुसऱ्यांसाठी. ३१ ऑगस्ट रोजी करार झाला, आणि त्यातून 'सोलिडार्नोश्च', म्हणजे एकजूट, ह्या नावाची संघटना जन्मास आली. वर्षभरात तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारून तिला दडपण्यात आले. तरी १९८९ च्या निवडणुकीत तिनेच विजय मिळविला.

एकजूट नेहमी जिंकतेच असे मात्र समजू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार होते, आणि त्यांतील कित्येकांस शेवटी रिकाम्या हाताने गावाकडे परतावे लागले. ज्या घरांना ते पूर्वी मनिऑर्डर पाठवीत, त्याच घरांनी त्यांस भाकरी दिली. हरलेल्यास सामावून घेणे हीही एकजूटच होय.

८. वाक्यात उपयोग

(अ) हे भाववाचक नाम आहे. सामान्यतः त्याचे अनेकवचन करू नये, आणि त्यामागे 'ए' हे उपपद लावू नये.

(आ) ज्यांच्या बाजूने उभे राहावयाचे त्यांच्या नावापूर्वी 'विथ' हे शब्दयोगी अव्यय येते. आपसातील एकजूट सांगताना 'अमंग' येते. 'संपकऱ्यांशी एकजूट' येथे 'विथ'. 'संपकऱ्यांमधील एकजूट' येथे 'अमंग'.

(इ) 'आम्ही सॉलिडॅरिटी आहो' अशी वाक्यरचना अशुद्ध. एकजूट दाखविली जाते, व्यक्त केली जाते, किंवा तिच्या भावनेने उभे राहिले जाते. आपण स्वतः ती नसतो.

(ई) शब्द भारदस्त आहे. चार मित्रांनी मिळून सहल काढली, तर तेथे तो शोभत नाही. 'टुगेदर' हा साधा शब्द पुरेसा आहे.

९. अभ्यास

१. 'सॉलिडिटी' आणि 'सॉलिडॅरिटी' ह्यांचे प्रत्येकी एक वाक्य लिहा.
२. चौघांनी मिळून बाराशे रुपये कर्ज घेतले. एकाने सर्व भरले. दुसऱ्या एकाचे दिवाळे निघाले. उरलेल्या तिघांवर प्रत्येकी किती भार पडेल?
३. आजी-आजोबांस विचारून सावड किंवा इर्जिक ह्यांचा एक खरा प्रसंग दहा ओळींत लिहा. त्या दिवशी जेवावयास कोण कोठे बसले होते, हेही विचारा.
४. आपल्या वर्गात असा कोणी आहे काय, की ज्याची अडचण सर्वांस ठाऊक आहे पण कोणाची झालेली नाही? ह्याचे उत्तर वहीत लिहू नये.

शेवटी त्या विद्यार्थ्याविषयी. त्याचा कापलेला अर्धा गुण मी परत दिला नाही. स्पेलिंगची चूक ती चूकच. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर येणेप्रमाणे आहे : होय बाळ, सर्वांनी मिळून भरीव होणे म्हणजेच एकजूट. मात्र धोंडा भरीव असतो तो त्याला काही वाटत नाही म्हणून. आणि गाव भरीव होते ते एकाचे दुखणे सर्वांस वाटते म्हणून. मधली दोन अक्षरे गाळली की एवढा फरक पडतो.